अक्का आणि मुठीचं धान्य

आमच्या सासरच्या गावातल्या मंडळीची, म्हणजे चर्चची, अमृतमहोत्सवी स्मरणिका परवा टपालानं आली. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर चर्चचा रंगीत फोटो. आत सदतिसाव्या पानावर अक्कांबद्दल चार ओळी आहेत. ‘शांत, सोशिक व मृदुभाषी अशा या भगिनीने मंडळीची मूकपणे सेवा केली.’

मी स्मरणिका कॉटखाली भिरकावली. मग ती काढायला वाकावं लागलं, वाकताना कंबर धरली, आणि राग दुप्पट झाला.

शांत! सोशिक! अहो, अक्का प्रार्थनेला उभ्या राहिल्या की चर्चच्या भिंतीवरच्या चिमण्या उडायच्या. आणि मूकपणे? त्या बाईनं उभ्या आयुष्यात मूकपणे काही केलं असेल तर फक्त एकदाच, आणि त्या एका वेळेची भीती मला अजून वाटते. पुढच्याच पानावर माझ्या सासऱ्यांचा मोठा फोटो आहे. खाली लिहिलंय, ‘ईस्टरच्या प्रीतिभोजनाची परंपरा यांनी जोपासली.’ जोपासली! आमचे हे म्हणाले, “जाऊ दे गं, मेलेल्या माणसांबद्दल चांगलंच लिहितात.” मी म्हटलं, अक्कांबद्दल चांगलं लिहायचं तर खरं लिहावं लागेल. ते कुणी लिहीत नाही, म्हणून हा खटाटोप.

अक्का म्हणजे निवृत्त बायबलबाई. बायबलबाई म्हणजे खेड्यापाड्यांतून पायी फिरून बायकांना शास्त्र वाचून दाखवणारी, गीतं शिकवणारी बाई. अक्कांनी जत तालुक्यातल्या वाड्यावस्त्या तीस वर्षं पालथ्या घातल्या. एका हातात छत्री, खांद्याला झोळी. शास्त्राबरोबर बायकांची पत्रं लिहून द्यायची, बाळंतिणीला काढा सांगायचा आणि बायको मारणाऱ्या नवऱ्याच्या दारात छत्री रोवून बसायचं, ही कामं कुणी सांगितलेली नव्हती, ती त्यांनी आपणहून अंगावर घेतलेली. म्हातारपणी चर्चच्या मागच्या एका खोलीत दोन शेळ्यांसह राहायच्या. शेळ्यांवरही ओरडायच्या.

मी साताऱ्याची. वडील फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. एकाहत्तर साली लग्न होऊन मी सांगली जिल्ह्याच्या पार पूर्वेला, आटपाडी आणि जतच्या मधल्या एका गावात येऊन पडले. साताऱ्याला आमच्या घरी नळ होता, ही गोष्ट मी पहिल्या महिन्यात इतक्या जणांना सांगितली की अक्कांनी माझं नाव ‘नळवाली’ ठेवलं. सासरी तेच रुजलं. सासूबाई गेल्या त्या दिवशीसुद्धा बायका विचारत होत्या, “नळवाली कुटं हाय?”

लेंट आला की अक्कांना ऊत यायचा. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आम्ही ख्रिस्ती लोक काही ना काही सोडतो. कुणी मटण सोडतो, कुणी चहा, कुणी तंबाखू. अक्का दरवर्षी राग सोडायच्या. राखेच्या बुधवारी, म्हणजे लेंटच्या पहिल्या दिवशी, उपासना संपली की दारात उभं राहून जाहीर करायच्या, “आजपास्नं मी रागावनार न्हाई. तुमी बी मला कारन दिऊ नगा.” आणि कपाळावरची राख पुसायच्या आत त्यांना कारण मिळायचं.

कारण, कुणी काय सोडलंय याची त्या घरोघर चौकशी करायच्या. आमच्या शेजारणीनं एका वर्षी वांगं सोडलं.

“वांगं तुला आवडतं व्हय गं?” अक्कांनी विचारलं.

“न्हाई, अंगाला खाज उठती.”

“मग देवासाटी सोडलंस का खाजंसाटी?”

दुसऱ्या एकानं सिगारेट सोडून बिडी धरली होती. त्याला पुढचे चाळीस दिवस अक्का रस्त्यात दिसल्या की तो एसटी स्टँडच्या मुतारीत लपायचा. मी पहिल्या वर्षी गोड सोडलं, आणि चहात गूळ घालून प्यायले, कारण माझ्या मते गोड म्हणजे साखर. अक्कांनी माझ्या कपात बोट बुडवून चाटलं. मग काय म्हणाल्या ते कन्नडमध्ये होतं. खरा राग आला की त्या कन्नडमध्ये शिरायच्या, त्यामुळे आमच्या गावात पुष्कळांचा असा समज होता की कन्नड ही फक्त शिव्यांची भाषा आहे.

त्याच लेंटमध्ये मी माहेरी निघाले, तर अक्का बरोबर आल्या. साताऱ्याला डोळे दाखवायचे होते. एसटीत त्यांनी कंडक्टरला, ड्रायव्हरला आणि मांडीवर कोंबडा घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्याला उपासाचं महत्त्व सांगितलं. घरी पोचलो तर वडील अंगणात आरामखुर्चीत बसून पेल्यातून काहीतरी पीत होते. लेंटमध्ये त्यांचा चहा बंद असायचा, हे आम्ही गावाला अभिमानानं सांगत असू.

“सुभेदार, ह्ये काय हाय?”

“कॉफी आहे, बाई.”

“मंजी दुश्मन म्होरल्या दारानं न्हाई आला, मागल्या दारानं आला, तर तुमी बंदूक खाली ठिवता व्हय?”

वडिलांनी पेला खाली ठेवला. ईस्टरपर्यंत उचलला नाही. आई मला आत नेऊन कुजबुजली, “तीस वर्षांत ह्या माणसाला कुणी ‘हे काय’ म्हणून विचारलं नव्हतं गं. ह्या बाईंना अजून आठ दिवस ठेवून घे.”

ईस्टरच्या पहाटे तर विचारू नका. सूर्योदयाची उपासना आम्ही कबरस्तानात करत असू. आदल्या दिवशी कबरींना चुना दिलेला असायचा, प्रत्येक कबरीवर एकेक मेणबत्ती. उजाडताना पाळक, म्हणजे आमचे पाद्री, म्हणायचे, “ख्रिस्त उठला आहे!” आणि सगळ्यांनी म्हणायचं, “खरोखर उठला आहे!” अर्धवट झोपेत मंडळीचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा निघायचा. अक्का लगेच वळून, “त्यो उठला, तुमी कवा उठनार? हितं खाली झोपल्यात त्ये तुमच्यापरास मोट्यांदा म्हनतील! परत म्हना!” आम्ही परत म्हणायचो. एका वर्षी पाच वेळा म्हटलं होतं. पलीकडच्या वस्तीवरचा धनगर मेंढरं सोडून बघायला आला, आग लागली की काय म्हणून.

आता मुठीची गोष्ट. हसून झालं असेल तर नीट ऐका.

आमच्या मंडळीत जुनी चाल होती. लेंटचे चाळीस दिवस प्रत्येक घरातली बाई रोज भाकरीला पीठ घ्यायच्या आधी एक मूठ धान्य बाजूला काढायची. स्वतःच्या घासातलं. दर शनिवारी ते गोळा करायचं, एका पोत्यात एकत्र करायचं, आणि ईस्टरच्या आदल्या दिवशी सगळं एकदम गिरणीतून दळून आणायचं. ज्वारी, बाजरी, मका, कुणाच्या घरचं काही असो, पीठ एक. त्या पिठाच्या भाकरी ईस्टरला चर्चच्या अंगणात सगळ्यांनी पंगतीला बसून खायच्या. हेच प्रीतिभोजन. मुठीसाठी अक्कांनी प्रत्येक घराला एकेक पिशवी शिवून दिली होती, प्रत्येक पिशवी वेगळ्या कापडाची. पोतं आमच्या घरी असायचं, कारण सासरे मंडळीचे मुख्य वडील, म्हणजे पंच. निवृत्त हेडमास्तर. त्यांचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नाही. चढवायची गरजच पडत नसे.

बहात्तरचा पाऊस गेला तो गेलाच. त्र्याहत्तरचा लेंट आला तेव्हा अख्खा तालुकाच लेंट पाळत होता, फक्त बाकीच्यांना ते माहीत नव्हतं. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती. रेशनवर मिलो मिळायचा. तांबडी, कडवट, परदेशातली ज्वारी. भाकरी थापताना तुटायची आणि खाताना घशात अडकायची. आम्ही सगळे एकाच दुकानासमोर, एकाच रांगेत उभं राहून एकाच पोत्यातला मिलो आणत होतो. हे लक्षात ठेवा.

आदल्या नाताळात एका नव्या कुटुंबाचा बाप्तिस्मा झाला होता. नवरा-बायको सरकारी दवाखान्यात झाडूकाम करायची, आणि गावातले टोपलीचे संडास साफ करायचं कामही त्यांच्याकडेच होतं. बाईचं नाव पाळकांनी रूथ ठेवलं. तीन मुलं. बाप्तिस्म्याला सासऱ्यांनी सुंदर भाषण केलं, ख्रिस्तात कुणी उच्च नाही, कुणी नीच नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्या काळात कशानंही पाणी यायचं.

अक्कांनी रूथलाही पिशवी शिवून दिली, स्वतःच्या पांढऱ्या लुगड्याच्या निळ्या काठाची. रूथला केवढा आनंद! पहिल्या शनिवारी मी धान्य गोळा करायला निघाले, तशी सासऱ्यांनी मला हाक मारली.

“हे बघ बेटा, रूथबाईंचंही घे. घेतलंच पाहिजे. नाहीतर त्यांना वाईट वाटेल. फक्त पोत्यात नको टाकूस. वेगळं ठेव.”

“का, दादा?”

“आपल्याला काही नाही गं. पण मंडळीत काही दुर्बळ विश्वासणारे असतात. त्यांना उगाच अडखळण नको.”

बघा कसं! शास्त्रातला शब्द. दुर्बळांना अडखळण नको. ते दुर्बळ कोण, हे मी विचारलं नाही. आमचे आजे-पणजे कुठून आले होते? वेशीबाहेरूनच ना? ज्या विहिरीवर त्यांना पाणी भरू दिलं नाही तिच्या गोष्टी सासरे स्वतः सांगायचे, आणि सांगताना त्यांचा गळा दाटायचा. आणि त्याच गळ्यातून हे आलं, हळू आवाजात, ‘बेटा’ म्हणून.

“मग त्याचं काय करू?” एवढंच मी विचारलं.

“कोंबड्यांना घाल.”

आमच्या परसात सहा पांढऱ्या विलायती कोंबड्या होत्या. जुन्या मिशनरी साहेबांनी मायदेशी जाताना दिलेल्या कोंबड्यांचा वंश. दरवर्षी ईस्टरच्या जेवणाला कोंबड्या सासऱ्यांकडून असायच्या, आणि आभार मानताना पाळक त्यांचा आवर्जून उल्लेख करायचे. दुष्काळात गावातल्या कोंबड्या पिसं झडून फिरत होत्या, आमच्या मात्र गुबगुबीत. लोक कौतुकानं विचारायचे. का असणार नाहीत? दर शनिवारी रूथकडून आठवड्याच्या सात मुठी यायच्या, आणि मी त्या परसात उभी राहून फेकायचे. मी फेकायचे! कुणी माझा हात धरून फेकायला लावलं नव्हतं. उलट, पहिल्या शनिवारी वाईट वाटलं, दुसऱ्या शनिवारी थोडं कमी, आणि तिसऱ्या शनिवारी मी फेकता फेकता गीत गुणगुणत होते.

रूथ पिशवी द्यायची ती दोन्ही हातांनी. एकदा तिची धाकटी पिशवीकडे बघत उभी होती. रूथ मला हसून म्हणाली, “हिला वाटतंय तुमी आमचं न्हेताय. मी सांगितलं हिला, ईस्टरला समद्यांच्या पानात आपलं जानार हाय म्हनून.” मी म्हटलं, “हो ना.” आणि पिशवी घेतली.

ईस्टरच्या आदल्या दिवशी सकाळी अक्का आमच्या घरी आल्या. गिरणीला धान्य न्यायचं काम त्यांचं. पोत्याचं तोंड उघडून आत हात घातला, दाणे तळहातावर घेतले. मग कोपऱ्यात घड्या करून ठेवलेल्या पिशव्या बघितल्या.

“रूथची पिशवी कुटं हाय गं?”

मी म्हटलं, “त्यांच्याकडून यंदा आलं नाही, अक्का. दुष्काळ ना. त्यांना तरी कुठून जमणार?”

आता हे मी कसं बोलले, हे देवाला विचारा. मला कुणी शिकवलं नव्हतं. तयार बसल्यासारखं तोंडातून आलं, आणि वर त्यात दयाही होती. चोरी आम्ही केली, आणि बोल तिला लावला.

अक्का मागच्या दारानं परसात गेल्या. पिशवी खुराड्याच्या खिळ्याला लटकत होती. निळा काठ लांबून दिसत होता. तळाशी चार दाणे होते. अक्कांनी ते ओंजळीत घेतले. मी दारात उभी. आता छप्पर उडणार, आता कन्नड सुरू होणार, म्हणून मी डोळे मिटून घेतले.

काही झालं नाही. डोळे उघडले, तर अक्का खुराड्यापाशी खाली बसल्या होत्या.

“कवापास्नं?”

“पहिल्यापासून.”

“समदं?”

“सगळं.”

“उद्या किती कापनार हायती?”

“सहाच्या सहा.”

“बरं,” अक्का म्हणाल्या. पिशवीची घडी करून कमरेला खोचली, पोतं एका हमालाच्या डोक्यावर दिलं आणि गिरणीला निघून गेल्या. मी सासऱ्यांना काही सांगितलं नाही. दिवसभर मला तीन वेळा ताप आल्यासारखा वाटला, आणि तिन्ही वेळा थर्मामीटरनं मला खोटं पाडलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे कबरस्तानात अक्कांनी कुणाला परत म्हणायला लावलं नाही. लोक म्हणाले, अक्का थकल्या.

अकराच्या सुमाराला अंगणात कडुलिंबाखाली पंगत बसली. जागा कमी, म्हणून दोन पंगती करायच्या असं वडीलमंडळींनी ठरवलं होतं. दुसऱ्या पंगतीत कोण, हे ठरवायला त्यांना फार वेळ लागला नव्हता. रूथ, तिचा नवरा आणि मुलं पाण्याच्या हौदापाशी उभी होती. धुतलेले कपडे, मुलांच्या केसांना तेल. पहिल्या पंगतीत मोठी माणसं, त्यांची पोरं, मध्ये पाळक. हे पाळक नुकतेच शिकून आलेले, बारीक अंगाचे, बोलताना सदऱ्याचं बटण चाचपणारे. मी आणि दोघी-तिघी वाढायला. सासऱ्यांनी अन्नासाठी प्रार्थना केली. दुष्काळातही देवानं मेज मांडलं, असं म्हणाले. मग कोंबडीचा रस्सा आणि मुठीच्या भाकरी. चाळीस दिवसांनी रश्श्याचा वास! पंगतीत बोलणं बंद झालं, नुसते भुरके ऐकू येत होते.

पहिलं वाढप संपत आलं तेव्हा अक्का उठल्या.

“कोंबडी कशी झालीया?”

“झकास!” चारपाच जण म्हणाले. सासरे विनयानं हसले.

“व्हनारच. चाळीस दिस रूथच्या घरचं दानं खाल्ल्यात.” अक्कांनी कमरेची पिशवी काढली आणि उंच धरली. “हिच्या घरच्या मुठी पोत्यात चालंनात, म्हनून मास्तरांनी कोंबड्यांस्नी घातल्या. कोंबड्या तुमी खाल्ल्या. आता मला शिकल्यालं कुनीतरी सांगा, वाटंत कोंबडी आली की दानं पवित्र व्हत्यात व्हय? मग रूथला बी एकाद्या कोंबडीच्या पोटात घाला, मंजी ती बी तुमच्या पंगतीला चालंल!”

हात थांबले. एक बाई तोंडाला पदर लावून चर्चच्या मागं पळाली. कुणी ताटातली फोड बोटानं बाजूला सारली, जणू ती सारल्यानं पोटातली परत येणार होती.

सासरे उठले. आवाज तोच, खालचा. “अक्का, आज पुनरुत्थानाचा दिवस आहे. आज हे शोभतं का?”

“न शोभायला काय झालं? ख्रिस्ताच्या ताटात कोन जेवत हुतं त्ये वाचून दावू का? जकातदार हुतं, पापी हुतं. मास्तर तुमी त्या पंगतीला असता तर डबा घिऊन आला असता!”

कुणीतरी हसलं. माझ्याही ओठावर हसू आलं. अक्का अशा काही रंगात आल्या होत्या की त्यांचा चेहरा उजळला होता. आम्ही सगळे त्यांच्याकडे आणि सासऱ्यांकडे बघत होतो, कुस्ती बघावी तसे.

“कोंबड्यांस्नी?”

आवाज हौदापासून आला. रूथ पुढं आली होती. तिच्याकडे आतापर्यंत कुणीच बघितलं नव्हतं. अक्कांनीसुद्धा.

“माजी धाकटी रोज म्हनायची, आये, आजची मूठ ऱ्हाऊ दे की. मी म्हनायची, न्हाई, ती देवाची हाय. आन् तुमी कोंबड्यांस्नी?” हे ती माझ्याकडे बघून म्हणाली. माझ्या हातात रश्श्याचं भांडं होतं. मी भांड्यात बघितलं.

मग ती अक्कांकडे वळली. “तुमाला कवा कळलं, अक्का?”

“काल.”

“काल कळलं, आन् मला आज सांगताय? हितं? समद्यांम्होरं, माज्या पोरांम्होरं?”

अक्कांचा पिशवीचा हात हळूहळू खाली आला.

“तुमचा राग लय मोटा हाय, अक्का. पर दानं माजं हुतं. आदी मला इचारायचं हुतं.”

तीस वर्षं गावोगाव नवऱ्यांना, पाटलांना, कंडक्टरांना सुनावणाऱ्या बाईला कुणीतरी सुनावत होतं. “चुकलं गं,” अक्का म्हणाल्या. एवढा बारीक आवाज त्यांच्या गळ्यात होता, हे मला माहीत नव्हतं.

मला वाटलं, रूथ आता मुलांना घेऊन निघून जाणार. नवऱ्यानं धाकटीला कडेवर घेतलंही होतं. पण ती माझ्यापर्यंत आली, आणि माझ्या हातातलं भांडं आणि पळी तिनं काढून घेतली. ओढून नव्हे, आपली वस्तू घ्यावी तशी.

“सा कोंबड्या माज्या दान्यावर जगल्या,” ती म्हणाली. “मंजी वाढायचं काम माजं. ज्येला पायजे त्येनं ताट म्होरं करावं. ज्येला नगं त्येनं घरला जावं.”

सासऱ्यांनी हात धुतले, रुमालाला पुसले, रुमालाची घडी केली आणि चालू लागले. त्यांच्यामागून आणखी दोन घरं उठली. मी लिहून टाकते, कारण स्मरणिकेत हे येणार नाही: मीही निघाले. सासरे निघाले की सुनेनं निघायचं, एवढंच माझ्या पायांना कळत होतं. तीन पावलं टाकली असतील. तेवढ्यात पाळकांचं ताट पुढं आलेलं दिसलं, आणि मी थांबले. दुसरा हात सदऱ्याच्या बटणावर होता, पण ताट पुढं आलं होतं. ह्या माणसाला कणा नाही असं मीच चारजणींत म्हटलं होतं. रूथनं त्यांना वाढलं. मग पोरांनी ताटं पुढं केली. पोरांना कसली अडखळण? त्यांना रस्सा हवा होता. मग पोरांच्या आया. मग एकेक करून बापे, इकडंतिकडं बघत. माझ्या सासूबाई, ज्या नवऱ्यासमोर कधी वर मान करून बोलल्या नाहीत, त्या पंगतीतून उठल्या नव्हत्या. त्यांनीही ताट पुढं केलं आणि म्हणाल्या, “मला थोडा जास्त वाढ गं.”

रूथनं आपल्या नवऱ्याला आणि मुलांना पंगतीच्या मध्ये, पाळकांच्या शेजारी बसवलं.

अक्का पंगतीच्या शेवटच्या टोकाला जाऊन बसल्या होत्या. समोर रिकामं ताट. मी कुठं बसावं ते कळेना, म्हणून त्यांच्या शेजारी बसले.

“अक्का, तुमी शेवटाला,” रूथ लांबूनच म्हणाली.

“व्हय,” अक्का म्हणाल्या. आणि बसून राहिल्या. त्यांच्याआधी आणखी कुणाला वाढलं, कुणाला दोनदा वाढलं, त्यांनी काही म्हटलं नाही. मला वाटलं होतं त्या मला शिव्या देतील. कन्नडमध्ये दिल्या असत्या तरी चाललं असतं. त्या पिशवीचा निळा काठ बोटांनी सारखा करत होत्या.

भांड्याच्या तळाला पळी घासल्याचा आवाज यायला लागला तेव्हा रूथ आमच्यापर्यंत आली. भांडं जमिनीवर ठेवलं, आमच्यासमोर मांडी घालून बसली, आणि एक ताट स्वतःसाठी ओढून घेतलं. उरलेलं तिनं पळीनं नाही, हातानं वाटलं. एक भाकरी होती, तिचे तीन तुकडे केले. अक्कांच्या ताटात कोंबडीचा पाय पडला. माझ्या ताटात मान. स्वतःच्या ताटात तिनं काय घेतलं, ते बघायला मान वर करावी लागली असती. मी जेवायला सुरुवात केली.